वीस नंबरचं तेल

निपाणी
१२ जानेवारी २०२५

ती. केदारीकाका यांस,
सप्रेम जय भीम.

कवळी कशी आहे? खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा रागच आला होता. महिनाभर खपून केलेली कवळी तुम्ही माझ्याच दवाखान्याच्या बाकावर बसून खिशातल्या कानशीनं घासलीत! शेजारी तुमच्या थोरल्या बहीण, आमच्या निपाणीच्या दुर्गाबाई आक्का, कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "न्हाय म्हणून सांगितलं तरी ऐकत न्हाय ह्यो. तसंबी कुणाचं ऐकू येत न्हाय म्हणा." मग तुम्ही ती बसवलीत, माझ्या डब्यातला चिवडा मागून घेतलात आणि कराकरा चावून दाखवलात. नंतर मी तपासलं. तुमची घासणी माझ्यापेक्षा बरोबर होती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे. मी रिमोटवर पळणारी एक बग्गी घेतली आहे. खेळणं म्हणू नका. हातभर लांब, काटेरी टायरांची, मातीत आणि खड्ड्यांत उड्या मारत पळणारी. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावल्यावर रविवारी मला मोकळं रान लागतं. २३ मार्चला संकेश्वरला, ऊस तुटून गेलेल्या रानात शर्यत आहे, तिथं मी नाव दिलं आहे. पण ही बग्गीबाई पळताना किंचाळते. मोटरचं बारकं चाक मोठ्या गिअरला जिथं भिडतं, तिथून आवाज येतो. दोन्ही अगदी घट्ट दाबून बसवली आहेत, तरी ओरडतेच.

आक्का सांगत होत्या, वडगावात चाळीस वर्षं तुम्ही मागांचे जॉबर होता, अडलेला माग तुम्ही हात लावला की चालायला लागायचा. दवाखान्यात आपण पाटीवर लिहून बोललो, ते छान जमलं होतं. तसंच पत्रानं जमेल का?

तुमची,
पारमिता


वडगाव, बेळगाव
१७ जानेवारी २०२५

डॉक्टरबाई,
अनेक आशीर्वाद.

कवळी झकास आहे. संक्रांतीला ऊस सोलून खाल्ला, शेजारची तरणी पोरं बघत राहिली.

पत्राचं बरं केलंत. कान मी मागाच्या खडखडाटाला वाहिले, ते काही परत मिळायचे नाहीत. मोबाईलवर टाइप करायला बोटं जाड. राहता राहिलं पोस्ट.

पण मी आता जॉबर राहिलो नाही, हे आधीच सांगतो. दिवाळीला घरचे दोन्ही माग विकले. बाहेरचेही कोणी बोलवत नाही, नव्या मागांना म्हणे कंपनीचा माणूस येतो. आमची मंडळी, मालुबाई, पुण्याला रविराजकडं नातवाला सांभाळायला गेली. मंथन आता दिवसभर शाळेत असतो, तिचं तिथलं काम संपलं, तिला तिथं करमतही नाही. पण येईना. तिचा निरोप असा आहे: "रिकाम्या माणसाबरोबर मी घरात ऱ्हायची न्हाय. हाताला काम असंल तर मी येते. नसंल तर तुम्ही हिकडं या, बागंत तरी बसशीला." पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. या वयात काम कुठून आणू? भंगारवाला मष्णू पाडव्याच्या आधी येऊन माझी हत्यारांची पेटी नेणार आहे. मग घराला कुलूप आणि पुण्यात अकरावा मजला. मला तिकडं अजिबात जायचं नाही. हे तिला लिहिलेलं नाही, तुम्हाला लिहितो.

आता तुमच्या बाईचं. तुम्ही दात घट्ट दाबलेत तिथंच चुकलं. माझ्या कवळीखाली तुम्ही निळा कागद ठेवून "चावा" असं पाटीवर लिहीत होता. त्याच कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या मधे घाला, चाक दाबून स्क्रू आवळा, मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. ती चुरगळली पाहिजे, फाटता कामा नये. निळा डाग दाताच्या मधोमध हवा, बुडाशी नको. दातादातांत थोडी जागा लागते. नवरा-बायकोतही लागते, पण बेळगाव ते पुणे इतकी नव्हे.

आपला,
केदारी


निपाणी
२६ जानेवारी २०२५

केदारीकाका,
सप्रेम जय भीम.

मला अहो-जाहो बंद करा आधी. माणसानं स्वतःची कवळी घासून मला धडा शिकवल्यावर कसलं अहो-जाहो!

कागदाची युक्ती काय सांगावी! रोज पंधरा जणांना तो कागद चावायला देते आणि मला सुचू नये? आज झेंडावंदन उरकल्यावर शाळेचं मैदान रिकामं झालं, तिथं चालवली. आवाज म्हणाल तर शिवणाच्या मशीनइतका. आधी तिला बघून पळणारी कुत्री आज हुंगायला जवळ आली.

आता दुसरं दुखणं. मातीच्या उंचवट्यावरून उडी मारली की खाली येताना तिचं नाक आपटतं, उसळतं आणि ती उताणी पडते. पुढं दोन, मागं दोन शॉक आहेत. शॉक म्हणजे बोटाएवढी नळकांडी, आत तेल, बाहेरून स्प्रिंग. तेलावर चाळीस नंबर लिहिला आहे. हे तेल बदलायचं असतं इतकं मला कळलं. कोणतं घालू?

आणि मालुबाईकाकूंना लिहा, की तुम्हाला काम लागलं आहे. मी गिऱ्हाईक आहे ना!

तुमची,
पारमिता


वडगाव
३१ जानेवारी २०२५

पारमिता पोरी,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग हत्यारांची पेटी उघडून बसलो. काही करायचं नव्हतं, पाने पुसून परत ठेवले. बरं वाटलं.

उसळी मारते म्हणजे तेल झटका सोसत नाही, त्याला दाटपणा कमी पडतो. आता नंबराचं गणित शिकून ठेव, आयुष्यभर उपयोगी पडेल. नंबर जितका मोठा, तितका माल बारीक. शंभर नंबरचं सूत मलमलीसारखं, वीस नंबरचं सतरंजीचं. तुझं तेल चाळीस म्हणजे बारीक पडलं. सरळ वीस घाल. चांगलं जाडंभरडं असेल. नंबरात केदारी चुकला असं वडगावात कोणी म्हणणार नाही.

तू सांगितलंस तसं मालूला लिहिलं. तिचं उत्तर एका ओळीचं: "कागदावरचं काम मला नगं, डोळ्यांनी बघीन तवा खरं."

तुझा,
केदारीकाका


निपाणी
११ फेब्रुवारी २०२५

केदारीकाका,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. दवाखान्यात फार गर्दी आहे, लग्नसराई जवळ आली की सगळ्यांना दात आठवतात. वीस नंबरचं तेल घातलं. ठीक चाललं आहे.

सहज विचारते, एका पेशंटला हवं आहे: कडक प्लास्टिकचा दांडा मधोमध तुटला तर चिकटतो का, की टाकूनच द्यावा लागतो?

पारमिता


वडगाव
१५ फेब्रुवारी २०२५

पारमिता,

पेशंटला म्हणावं, प्लास्टिकचा दांडा चिकटत नाही. आणि पेशंटच्या तोंडात दांडा कुठून आला, तेही विचार.

काल निपाणीहून दुर्गाक्का आली होती. पाटीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं तिनं: "पोरीची गाडी मोडली. चार दिस तोंड पाडून बसलीया. तुला कळवू नगं म्हणाली." तू दातांची डॉक्टर, लपवायचं काम तुला जमत नाही. जे झालं ते सगळं लिही, आणि दोन्ही तेलांच्या बाटल्या माझ्याकडं पाठव. आक्का बुधवारी परत इकडं येणार आहे, तिच्या पिशवीत दे.

केदारी


वडगाव
२२ फेब्रुवारी २०२५

पारमिता,

बाटल्या मिळाल्या, चिठ्ठी वाचली. पुढचा डावा दांडा तुटला, बुडाला तडा गेला, आणि तू माझं नाव मधे येऊ नये म्हणून गप्प बसलीस.

दोन्ही तेलं बोटांवर चोळून बघितली. वीस नंबर म्हणजे निव्वळ पाणी आहे. चाळीस त्यापेक्षा दाट. या तेलात नंबर वाढेल तसं ते दाट होतं, सुताच्या अगदी उलट. मी न बघता, न हात लावता, मोठ्या तोऱ्यात औषध लिहून दिलं. चाळीस वर्षांत मी हात न लावता कधी बोललो नव्हतो.

मला फार लाज वाटते. कान गेले तेव्हा वाटलं होतं, अक्कल तरी राहिली आहे. मष्णूला उद्याच पेटी न्यायला ये असा निरोप धाडतो आहे. मी पुण्याला जाईन म्हणतो. यापुढं मला गाडीचं काही विचारू नकोस.

केदारी


निपाणी
२५ फेब्रुवारी २०२५

केदारीकाका,
जय भीम.

विचारणार. शंभर वेळा विचारणार.

आधी माझी चूक ऐका. वीस नंबर घाल असं तुमचं पत्र आलं तेव्हा बाटल्या माझ्या हातात होत्या, तुमच्या नव्हत्या. दुकानदारानं पाठवलेल्या कागदावर "वीस: पातळ" असं छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि म्हटलं, छपाईची चूक असेल. का माहीत आहे? हिरडीत इंजेक्शन द्यायला माझ्याकडं दोन सुया असतात. सत्तावीस नंबरची जाड आणि तीस नंबरची बारीक. नंबर मोठा, सुई बारीक! दहा वर्षं मी रोज हेच हाताळते आहे. त्यामुळं तुमचं गणित मला इतकं पटलं की समोर छापलेलं खोटं वाटलं. दुसऱ्या कोणाही शहाण्या माणसानं तुम्हाला तिथंच अडवलं असतं, काका. विणकरानं चूक करावी आणि ती नेमकी दातांच्या डॉक्टरच्या हाती पडावी! अशी जोडी हुडकून सापडायची नाही. लिहिताना एकटीच हसते आहे, बाहेर बसलेले पेशंट घाबरले असतील.

आता जरा गंभीर. माझी आजी सोनुबाई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिला आकडा वाचता येत नव्हता. पान चिमटीत धरायची आणि मालकाच्या आधी सांगायची, हे कुठल्या रानातलं आणि किती वाळलंय. मालक नंतर वजनकाटे आणि चिठ्ठ्या बघून तेच सांगायचा. तुम्हीही बाटली हातात आल्याबरोबर चोळून बघितलीत आणि क्षणात बरोबर बोललात. म्हणजे तुमच्या हाताची अक्कल शाबूत आहे. चूक झाली ती नंबर वाचण्यात, आणि तोही मी लिहून कळवलेला.

तुम्ही घासलेली कवळी पुढं दुखली असती, तर मी पुन्हा घासून दिली असती. दवाखाना भंगारात घातला नसता.

नवा दांडा आणि नवं बूड मागवलं आहे. आलं की सगळी बग्गी, रिमोट, चार प्रकारचं तेल, असं दुर्गाबाई आक्कांच्या हातून पाठवते. आता पत्रानं औषध नको, हात लावून बघा. पेटी द्यायचीच असेल तर आधी हे काम करा, मग द्या.

तुमची,
पारमिता

ता. क. मी तेवीस तारखेला संकेश्वरला जाणार आहे, बग्गी असो वा नसो. नसेल तर नुसती उभी राहीन आणि कोणी विचारलं तर तुमचं नाव सांगेन.


वडगाव
१५ मार्च २०२५

पारमिता पोरी,
आशीर्वाद.

धमकी पोचली. सुईचं वाचून मी इतका हसलो की कवळी निसटली.

उशीर झाला, कारण आक्कानं तुझी बग्गी आणून दिल्यापासून हात कामात होते. मष्णूला उद्याच ये म्हटलं होतं, तो आठवडा लावून आला पेटी न्यायला. मी म्हटलं, "थांब रं जरा, येवढं धर." त्याच्या हातात रिमोट दिला. तीन तास गेले, पेटी तिथंच राहिली, आणि आता तो रोज संध्याकाळी येऊन "आज पळवायची न्हाय व्हय?" असं पाटीवर लिहितो.

सगळ्या बाटल्यांच्या नंबरांवर मी काळी चिकटपट्टी लावली आहे. वर कागद चिकटवून माझ्या अक्षरात लिहिलं: पाणी, ताक, पातळ आमटी, दाट आमटी. शॉक उघडून बघितले. एकात हवेचा बुडबुडा राहिला होता, म्हणून ती एका अंगाला कलत होती. तेल भरून दांडी सावकाश वर-खाली केली, बुडबुडे संपेपर्यंत. असलं काम करताना वेळ कुठं जातो कळत नाही.

मग परीक्षा. गाडी दोन्ही हातांनी गुडघ्याइतकी उंच धरायची आणि फरशीवर सोडायची. उसळली तर नापास, पोट आपटलं तरी नापास. दमलेली बाई पाटावर टेकते तशी बसली पाहिजे. पुढं दाट आमटी आणि मागं पातळ आमटी घातल्यावर बसली. दहा वेळा सोडली, दहाही वेळा बसली.

तेवीस तारखेला मी पेटी घेऊन संकेश्वरला येतो. माईकवर माझं नाव पुकारू नका, उपयोग नाही.

तुझा,
केदारीकाका


निपाणी
२४ मार्च २०२५

सौ. मालुबाईकाकू यांस,
सप्रेम जय भीम.

आपली ओळख नाही. मी निपाणीची पारमिता, काकांची दातांची डॉक्टर, आणि त्यांचं गिऱ्हाईक. तुम्ही म्हणाला होता, डोळ्यांनी बघीन तेव्हा खरं. पुण्याहून काल तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं, म्हणून मी बघितलेलं लिहिते.

संकेश्वरच्या रानात काल शर्यत झाली. अकरा बग्ग्या होत्या. माईकवाला मराठी, कन्नड आणि हिंदीत आलटून पालटून ओरडत होता, गाणी लागली होती, पोरं एकमेकांवर खेकसत होती. या सगळ्यात एकच माणूस शांत होता. शामियान्याच्या कडेला सतरंजीवर पेटी उघडून बसलेले तुमचे यजमान. पहिली फेरी संपल्यावर त्यांनी बग्गीच्या पाठीवर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "उन्हानं तेल पातळ झालंय. पुढचं बदलूया." बेळगावच्या घरातलं दाट तेल संकेश्वरच्या अकराच्या उन्हात खरंच ताकासारखं झालं होतं. दहा मिनिटांत त्यांनी दुसरं भरलं.

शेवटच्या फेरीत मोठ्या उंचवट्यावर चार जण उताणे झाले. माझी बग्गी उडाली, टेकली आणि पुढं निघाली. मी चौथी आले. मला तर जग जिंकल्यासारखं झालं. पण खरी गंमत पुढं आहे. पहिला आलेला गडहिंग्लजचा ज्योतिबा धावत काकांकडं आला आणि पाटीवर लिहिलं, "कितीचं तेल घातलंय?" काका म्हणाले, "नंबर मला ठावं न्हाय. चिमटीत धरून बघ." मग सात-आठ मोठी माणसं रांगेनं तेल बोटांवर चोळत उभी! ज्योतिबाची बग्गी काकांनी हातात घेतली, चाक फिरवलं आणि त्याला म्हणाले, "लई आवळलंयस रं. श्वास घिऊ दे की तिला." आणि माझ्याकडं निळा कागद मागितला.

संध्याकाळी ते बसमधे चढले तेव्हा पेटीबरोबर लोकांनी दुरुस्तीला दिलेल्या पाच बग्ग्या होत्या. कंडक्टरनं त्यांना सीट दिली आणि बग्ग्यांना मागची जागा.

काकू, पाडव्याला सहा दिवस आहेत. त्यांना पुण्याला यायचं नाही. त्यांनी तुम्हाला तसं लिहिलेलं नाही, म्हणून आगाऊपणा करून मी लिहिते. त्यांना तुमची फार आठवण येते, तेही ते लिहिणार नाहीत.

तुमची,
पारमिता


वडगाव
३१ मार्च २०२५

डॉक्टर पोरी पारमिता हिस,
मालुबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र मंथननं वाचून दाखवलं, मग मी परत एकटीनं वाचलं. रविराजला म्हटलं, तिकीट काढ. तो म्हणाला, बाबाच येणार होते ना? म्हटलं, मला आधी काम बघायचं आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आले. कळवलं नव्हतं. कळवून आले असते तर ह्यांनी कामाचा देखावा मांडला असता, ओळखते मी. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन गाड्या, फडताळात एक, तव्यावर स्प्रिंगा. बाटल्यांवर आमटी लिहिलंय म्हणून मी एक उघडून वास घेतला, ते बघणाऱ्या मष्णूला हसू आवरेना. गुढीचा वेळू धुवायला काढला तर त्याला टायर वाळत घातलेले. भाकऱ्या कुठं थापू, हे तूच येऊन सांग आता.

पण हे सगळं नंतर बघितलं. आधी काय झालं ते लिहिते.

दार उघडंच होतं. माग उचलून नेल्यावर पडलेले खड्डे ह्यांनी फळ्या टाकून झाकले आहेत. त्याच फळ्यांवर पाठमोरे बसले होते. एक गाडी समोर, तिच्यावर पंजा ठेवलेला आणि डोळे मिटलेले. लग्न होऊन आले तेव्हा मागावर असाच पंजा ठेवून बसायचे. दिवाळीला माग गेले तेव्हापासून तो हात नुसता मांडीवर पडलेला होता, ते मला बघवत नव्हतं म्हणून मी तिकडं जाऊन राहिले होते. रिकामा माणूस वगैरे सगळं बोलायचं म्हणून बोलले. हे तू त्यांना सांगू नकोस.

दारातच उभी राहिले बराच वेळ. म्हटलं, पाटी शोधावी आणि आले म्हणून लिहावं. पाटी पलीकडं होती, म्हणून चप्पल काढून फळीवर चार पावलं टाकली.

मागं वळून न बघता म्हणाले, "मालू, हळू चाल की गं. आता बसाय लागलीया ती."

पाटी तशीच ठेवली आणि चहा टाकायला गेले.

तुझी,
मालुबाईकाकू